बापाच्या होकाराच्या दोन आवृत्त्या

भारतीय चित्रपटातल्या प्रेमाला भाषा, प्रांत, धर्म आणि जात यांपैकी कशाचीही आडकाठी नसते. आडकाठी असते ती फक्त बापाची. तीही शेवटच्या पंधरा मिनिटांत दूर होते, आणि ती दूर होण्याची अधिकृत जागा म्हणजे विमानतळ. एस. टी. स्टँडवर झालेले मतपरिवर्तन परदेशात ग्राह्य धरले जात नाही, कारण गगनबावड्याची गाडी चुकली तरी मागून दुसरी येते, हे तिथल्या प्रेक्षकालाही आठवत असते.

हा शोध आमच्या निर्मितीसंस्थेचा आहे. कोल्हापुरात बसून परदेशातल्या मराठी माणसांसाठी आंतरप्रांतीय प्रेमाचे चित्रपट काढणारी ही संस्था असून, प्रस्तुत लेखक तिचा व्यवस्थापक आहे. परदेशस्थ प्रेक्षक हा अत्यंत गुणी प्रेक्षक होय. तो तिकीट डॉलरमध्ये काढतो, वेळेवर येतो आणि वेळेवर रडतो. (आपल्याकडचा प्रेक्षक मध्यंतरानंतर येतो आणि शेजाऱ्याला विचारतो, ‘कोन मेलं का?’) त्याच्या मागण्याही माफक असतात. मुलगी कोल्हापूरची हवी, मुलगा लांबच्या प्रांतातला हवा, तांबडा रस्सा आणि खोबरेल तेल यांचे मनोमीलन व्हायला हवे, एक नाच बर्फात आणि एक उसात. आपण सोडून आलेले घर जसेच्या तसे राहावे, फक्त त्यातला बाप तेवढा सुधारावा, एवढेच त्याचे म्हणणे असते. आमच्या पाहणीनुसार शंभरातले ब्याण्णव प्रेक्षक बापाच्या होकाराला रडतात. उरलेले आठ त्या वेळी पार्किंग शोधत असतात.

जिल्ह्यातल्या प्रेक्षकाची प्रकृती मात्र निराळी. बापाने होकार दिला की हा खुर्च्या वाजवतो. (एका थिएटरात त्याने खुर्ची घरी नेली.) म्हणून आम्ही प्रत्येक चित्रपटाच्या दोन आवृत्त्या काढतो. परदेश आवृत्तीत बाप विमानतळावर धावत येतो आणि म्हणतो, ‘जा पोरी, तुझं सुख तेच माझं सुख.’ जिल्हा आवृत्तीत केरळचा म्हणून आलेला नायक लहानपणी यात्रेत हरवलेला आणि एका केरळी नर्सने वाढवलेला कोल्हापूरचाच निघतो. म्हणजे आपल्यातलाच. त्यामुळे बापाला काहीच बदलावे लागत नाही. लग्न दोन्हीकडे होते आणि राष्ट्रीय एकात्मतेला कुठेच धक्का लागत नाही.

ताज्या चित्रपटातल्या बापासाठी आम्ही हंबीररावांना घेतले. चार म्हशी, तीन एकर ऊस, दूध संस्थेचे माजी चेअरमन, आणि मिशी अशी की मेकअपमनने तिला नमस्कार केला. अभिनयाचा अनुभव शून्य, पण नकाराचा दांडगा. ते ‘न्हाय’ म्हणाले की स्पॉटबॉयसुद्धा हातातला चहा खाली ठेवत. पहिले सगळे प्रसंग झटपट झाले. अडले ते होकाराला. गरम बटाटा तोंडात धरल्यासारखे ते ‘तुझं सुख’पर्यंत येत आणि तिथेच थांबत.

दिग्दर्शक सम्राट यांनी उपाय काढला. हंबीररावांची खरी मुलगी अनुजा हिला कॅमेऱ्यामागे उभे करायचे, म्हणजे बापाला भावना येतील.

इथे एक खुलासा करणे क्रमप्राप्त आहे. अनुजा आजऱ्याच्या एका काजू कारखान्यात प्रतवारी बघते. तिथेच महांतेश नावाचा मुलगा मशिनरी सांभाळतो. त्याचे घर सीमेकडचे, घरात कानडी आणि दारात मराठी. दोघांना लग्न करायचे होते. अनुजाने घरी विचारले तेव्हा हंबीररावांनी तिला तोच शब्द ऐकवला, ज्याचे आम्ही त्यांना मानधन देतो. दोघेही सज्ञान, कायद्याला बापाची गरज नव्हती. पण महांतेशची आई शांतव्वा हिने अट घातली होती. ‘बापाला रडवून आनलेली सून मला नको. त्यांनी सोता हो म्हनलं पायजे.’ म्हणजे आमचा चित्रपट आणि ही दोन पोरे, सगळे एकाच माणसाच्या एकाच शब्दापाशी खोळंबले होते.

चित्रीकरणाच्या दिवशी अनुजा कॅमेऱ्यामागे येऊन उभी राहिली. (विमानतळाची परवानगी न मिळाल्याने तो एका मंगल कार्यालयात उभारला होता.) हंबीरराव धावत आले, त्यांची नजर लेकीवर गेली आणि वाक्य असे बाहेर पडले की बॅगा ढकलणारी माणसेही डोळे पुसू लागली. सम्राट यांना ‘कट’ म्हणायचे भान राहिले नाही.

अनुजा पुढे झाली आणि बापाच्या पाया पडली.

“आबा, मग मी महांतेशच्या आईला कळवू?”

“काय कळवतीस?”

“आत्ता म्हणालासा की.”

“आगं, त्यो पिच्चर हाय. भाईरदेशातल्या लोकांसाठी हाय त्यो.”

“आन् माझ्यासाठी काय हाय, आबा?”

हंबीररावांनी चहा मागवला. अनुजा खांबाला टेकून रडली. (हे रडणे चौकटीबाहेर असल्याने वाया गेले.) दुपारी जिल्हा आवृत्तीचा शेवट एका टेकमध्ये पार पडला.

चित्रपट परदेशात लागला आणि अपेक्षेप्रमाणे सभागृहे ओली झाली. तिकडच्या एका मराठी मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह इतके हेलावले, की ‘आदर्श पिता’ पुरस्कार घेऊन ते थेट कोल्हापूरला आले. समारंभ हंबीररावांच्या अंगणातच ठेवला होता, कारण पाहुण्यांना खरी म्हैस बघायची होती. शाल झाली, श्रीफळ झाले, विजयसिंहांचे आंतरप्रांतीय विवाहांवरचे भाषण सुरू झाले, आणि दारात एक जीप येऊन थांबली.

जीपमधून शांतव्वा उतरली. मागून महांतेश, दोन मामा, आणि साडी-चोळी, खण-नारळ, साखरेचा पुडा असा सरंजाम.

“आण्णा, उशीर झाला बगा,” शांतव्वा म्हणाली. “माझा भाचा मेलबर्नला असतोय. त्यानं फोनवर सांगितलं, आनुजाच्या बापानं सगळ्या लोकांसमोर हो म्हनलं, रडलं बी. मग आमी घरात बसून कसं चालंल?”

शांतव्वाने कित्येक वर्षांत चित्रपट पाहिला नव्हता. एवढ्या मिशीचा माणूस एवढ्या लोकांसमोर खोटे कशाला बोलेल, असा तिचा सरळ हिशेब होता, आणि चित्रपटसृष्टीची माहिती नसलेल्या माणसाकडून याहून वेगळी अपेक्षा करता येत नाही.

हंबीररावांनी समारंभाला आलेल्या सम्राट यांच्याकडे पाहिले. सम्राट म्हशीकडे पाहू लागले. विजयसिंहांनी मोबाइल काढून चित्रण चालू केले. अनुजा चहाचा ट्रे घेऊन दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली.

“जा पोरी,” हंबीरराव म्हणाले, “तुझं सुख त्येच माझं सुख.”

टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी पुन्हा रडून घेतले आणि ते विमान गाठायला गेले. त्यांची गाडी वळताच हंबीररावांनी शाल काढून ठेवली.

“पावण्यांम्होरं म्हणलो मी. त्ये काय खरं न्हवं.”

“आसू दे की आण्णा,” शांतव्वा अनुजाची ओटी भरता भरता म्हणाली. “एकदा तिकडं म्हनलासा, एकदा हितं म्हनलासा. आता मांडवात एकदा म्हना, म्हंजे पाठ हुईल.”

हंबीररावांना यावर ‘न्हाय’ म्हणता आले नाही. त्यांच्या कारकिर्दीतली ही पहिलीच वेळ.

लग्न झाले. मांडवात हंबीररावांना वाक्य नव्हते, खूणही कुणी केली नव्हती. पाठवणीच्या वेळी ते अनुजाला मिठीत घेऊन लहान मुलासारखे रडले आणि महांतेशच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. व्यवस्थापकाने हळवे होऊ नये असा आमच्याकडे दंडक आहे, पण प्रस्तुत लेखकाला त्या वेळी खरोखर भरून आले.

विजयसिंहांचे अभिनंदन परदेशातून तत्परतेने आले. पुढच्या आठवड्यात त्यांचा खासगी फोनही आला. त्यांच्या मुलीने, प्रियदर्शनीने, लग्न करायचे म्हणून नायजेरियाचा एक डॉक्टर घरी आणला होता. “तुमची ती जिल्हा आवृत्ती असेल तर पाठवा,” ते हळू आवाजात म्हणाले, “घरात सगळ्यांनी मिळून बघावी म्हणतो.” आम्ही पाठवली. सवलतीच्या दरात.

अनुजाचे भले झाले याचा वाचकांना आनंद झाला असणार. त्याबद्दल संस्था आभारी आहे. मात्र ही कथा हस्तलिखितात ज्यांना ज्यांना वाचायला दिली, त्या प्रत्येकाने एकच तक्रार केली, आणि आपणही ती करायच्या बेतात आहात असे दिसते. कथेत आडनावे नाहीत. मुलाकडचे नेमके कोण, मुलीकडचे नेमके कोण, काही पत्ता लागत नाही. आपल्या मनात वाईट काही नाही, हे आम्हाला मान्य आहे. आपले काही म्हणणे नाही, नुसती माहिती असावी म्हणून विचारले. महांतेशचे नाव पहिल्यांदा निघाले, तेव्हा हंबीररावांनीही एवढेच विचारले होते.