अर्धवेळ पीएच.डी.चा मंगळवार

मुलांना शिकवायचे असेल, तर शिक्षकाने आधी स्वतः शिकले पाहिजे. शिक्षक शिकत असताना मुलांनी काय करावे, यावर मात्र अद्याप पुरेसे संशोधन झालेले नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी नाशिकच्या आमच्या शिक्षणशास्त्र केंद्राने नोकरदार शिक्षकांसाठी अर्धवेळ पीएच.डी. सुरू केली. (अर्धवेळ म्हणजे हजेरी पूर्ण, अभ्यास पूर्ण, अर्धी होते ती नोकरी.) कोर्सवर्कचे वेळापत्रक आखायला मंडळ नेमले. प्राथमिक शाळेत जन्म घालवलेला ज्येष्ठ म्हणून मलाही त्यात घेतले. चहा आला की मान डोलवायची, एवढे माझे काम. ते मी मनापासून करत असे.

मंडळाने शास्त्रशुद्ध विचार केला. रविवारी शिक्षकांना सवड असते. पण त्या दिवशी प्राध्यापकांनाही सवड असते आणि ती मोडणे अमानुष ठरले असते. शनिवारी प्राध्यापक रविवारच्या तयारीत असतात. मी दिवाळीची सुट्टी सुचवली, तेव्हा केंद्रप्रमुख धनराजसर मायेने म्हणाले, "काका, सुट्टीत कुणी शिकतं का?" अखेर मंगळवार ठरला, अकरा ते पाच. पहिला विषय: बालकेंद्री शिक्षण.

ललिताताई कळवणच्या पलीकडच्या एका खेड्यातून यायच्या. शाळेत शिक्षक दोनच. त्या नसल्या की यादवसर चारही इयत्ता एका खोलीत बसवून पाढे म्हणवून घेत. (पाढ्यांना इयत्ता नसते.) दुसरीची मुले जोडाक्षरांवर आली होती. मंगळवारी ती विसरत, बुधवारी ताई पुन्हा मागून सुरू करत. एकदा त्यांच्या वर्गातल्या निकिताने काळजीने विचारले, "मॅडम, तुम्हाला अजून वाचता येत नाय का? मंग दर मंगळवारी शाळेत कशाला जाता?"

ताईंनी हा प्रश्न मंडळापुढे ठेवला. धनराजसर प्रसन्न झाले.

"मॅडम, तुमच्या प्रबंधाचा विषय काय?"

"खेड्यातली मुलं वाचनात मागे का पडतात."

"मग बिघडलं कुठे? नमुना आयता तयार होतोय. मुलं सुधारली, तर लिहिणार कशावर?"

मंडळाने या युक्तिवादाची कौतुकाने नोंद घेतली.

"सर, रविवार द्या, नाहीतर माझं नाव काढा," ताई म्हणाल्या.

नाव काढण्याचे अर्ज फक्त मंगळवारी, तास चालू असतानाच स्वीकारले जातात, असे त्यांना नम्रपणे कळवण्यात आले. पुढच्या मंगळवारी ताई आपल्या वर्गात फळ्यापुढे उभ्या होत्या. केंद्राच्या दप्तरी 'संशोधनवृत्तीचा अभाव' असा शेरा पडला.

वर्षअखेरीला मी त्यांच्या शाळेत गेलो. निकिताने भिंतीवरचा 'स्वच्छता' हा शब्द न अडखळता वाचला आणि मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही टाकलेलं ते केळ्याचं साल उचला." मी उचलले.

मंगळवार न चुकवणारे सगळे आता डॉक्टर झाले आहेत. नामांकित शाळांच्या माहितीपत्रकांत त्यांचे फोटो असतात. त्यांच्या वर्गातली मुले कितपत वाचतात, हे तिथे छापत नाहीत. कारण पालक विचारत नाहीत.

परवा तुम्हीच आला होतात. चौथीतला नातू वाचताना अडखळतो, कुणीतरी चांगले माणूस सुचवा, म्हणालात. मी ललिताताईंचे नाव सांगितले. सुट्टीत त्या नाशिकलाच असतात, हेही सांगितले. तुम्ही आवाज खाली आणून विचारलेत,

"पण त्या डॉक्टर आहेत का हो?"