सशाचा पाय आणि महाराजांची मिशी

हाताची घडी, तोंडावर बोट! हं, आता ऐका. एका जंगलात झाडांपेक्षा समित्या जास्त होत्या. तिथे एका सशाचा मागचा पाय फासात अडकून तुटला.

ससा रडतरडत वाघमहाराजांकडे गेला. महाराजांचं नुकतंच जेवण झालं होतं, त्यामुळे ते कनवाळू होते. त्यांनी कोल्ह्याला प्रयोगशाळा काढून दिली आणि परदेशातून एक सॅलमँडर मागवला. हा दिसतो पालीसारखा, पण असतो बेडकाच्या भावकीतला. त्याचा पाय तोडला तर नवा उगवतो. हाडं, बोटं, सगळं जिथल्या तिथं. शेपूट तर आपल्या पालीलाही फुटतं, पण पिकतं तिथं विकत नाही.

"दुखतं का रे?" सशाने विचारलं.

"दुखतं तर! पण तुला पाय मिळणार असेल तर कापू दे त्यांना," सॅलमँडर म्हणाला. भला होता बिचारा.

कोल्हा पाय कापायचा. पाय उगवायचा. कोल्हा पुन्हा कापायचा. दर वेळी परिषद भरायची आणि परिषदेत जेवण असायचं. सॅलमँडर सोडून सगळ्यांची वजनं वाढली.

अखेर औषध तयार झालं. पहिला डोस महाराजांनी घेतला, कारण त्यांच्या मिशीचा एक केस गळला होता. केस परत आला. तो तसाही आलाच असता, पण असं बोलायचं नसतं.

"आता मला द्या ना, साहेब," ससा म्हणाला.

कोल्हा दचकला. "तुला? अरे, बिनऔषधाचा आमच्याकडे तू एकटाच! तुझाही पाय उगवला, तर औषधाने फरक पडतो हे आम्ही कुणाकडे बोट दाखवून सांगायचं?"

"मग माझे पाय कुणासाठी तोडलेत?" सॅलमँडर ओरडला.

"विज्ञानासाठी," कोल्हा म्हणाला आणि सुरीला धार लावू लागला.

सशाच्या त्यागाबद्दल मात्र भरमंडपात सत्कार झाला. महाराजांनी त्याला शाल पांघरवली, नारळ पुढे केला. नारळ घ्यायला मागच्या पायांवर उभं राहावं लागतं. सशाला एकच होता. तो तोंडावर आपटला.

मंडपाला वाटलं, सशाने महाराजांना लोटांगण घातलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तात्पर्य : औषध सगळ्यांसाठीच असतं, बाळांनो. पण ते गुणकारी आहे हे कळायला कुणीतरी बरं न होणं गरजेचं असतं. तो मान आपल्याला मिळाला, तर रडू नये. चारचौघांत पडावं.