सुटलो! लागलो!

"अक्का, तुमच्या नातवाचं जहाज चोर आहे," कॅप्टन माझ्या दारात उभा राहून म्हणाला. माझ्या हातात लाटणं होतं. ते मी खाली ठेवलं नाही.

"आणि हे मला ऑफिसात सांगावं लागणार."

"सांगून तर बघा," मी म्हटलं.

त्याने सांगितलं.

हा कॅप्टन माझा शेजारी. बेंगळुरूच्या बनशंकरीत आमची दारं समोरासमोर. जन्म तेलाच्या जहाजांवर गेला, बायको वारली, मूलबाळ नाही. घराबाहेर पडताना हा माणूस जिन्यात उभा राहून ओरडतो, "सुटलो! चिकपेट. जेवायला परत!" आणि आला की, जहाज धक्क्याला लागावं तसा, "लागलो!" दूध आणायला गेला तरी तेच. खालच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी घरून काम करते. कॅप्टन कुठे गेलाय ते आता तिच्या साहेबालाही माहीत असतं. मी आतूनच "सरी" म्हणायचे, म्हणजे कानडीत "बरं". त्याशिवाय तो खाली उतरायचाच नाही.

"जो आपण कुठे आहोत ते लपवतो, तो चोर," हे त्याचं ब्रीद. भाजीवाल्यालाही सोडत नाही. "अण्णा, टोमॅटो कोलारचे म्हणतोस, मग पेटीवर कागद चिकटवून नाव का झाकलंस?"

"सार, टोमॅटो पाहिजेत की त्यांची पत्रिका?"

अशा माणसाला इथल्या एका ऑफिसाने कामाला ठेवलाय. समुद्रावर नजर ठेवायला, आणि तीही बेंगळुरूत बसून! काही देशांचं तेल न्यायचं नाही असे निर्बंध आहेत. तरी नेणारे नेतात. जुनी मोडकी जहाजं घ्यायची, जहाज कुठे आहे ते कळवणारं यंत्र बंद करायचं, भर समुद्रात एका जहाजातलं तेल दुसऱ्यात भरायचं आणि नाव बदलून बंदरात शिरायचं. अशी जहाजं कॅप्टन हुडकतो. ऑफिस ते बँकांना आणि विमावाल्यांना कळवतं. मग त्या जहाजाला कोणी दारात उभं करत नाही.

माझा नातू अजित, निपाणीच्या लेकीचा मुलगा, एका एजंटाच्या नादाने जहाजावर गेला. त्याने फोटो पाठवला. जहाजाच्या पाठीमागे दोरीला लटकून नाव रंगवत होता. मी कौतुकाने कॅप्टनला दाखवला, वर चहा दिला. माझा चहा पिता पिता त्याने चष्मा लावला. जहाजाचं नाव नुसतं रंगवत नाहीत म्हणे, आधी लोखंडाची अक्षरं वेल्डिंग करून उठवतात. रंग बदलला तरी उठाव राहतो. अजितच्या ओल्या रंगाखाली जुनं नाव वाचता येत होतं. त्यावरूनच तो माझ्या दारात येऊन उभा राहिला होता.

"विमा नाही अक्का त्या जहाजाला. आग लागली तर कोणी वाली नाही."

"मग आधी पोराला उतरवा, नंतर पकडा."

"जहाज पकडल्याशिवाय पोरगा उतरत नाही."

जहाज पकडलं. पोरगा उतरला नाही. परदेशातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं केलं. तेल उतरवू देईनात, माणसंही उतरवू देईनात. मालकाला शोधायला गेले तर कुठल्याशा बेटावर नुसता एक पत्ता निघाला, दार उघडायला माणूस नाही. "आजी, प्यायचं पाणी गढूळ येतंय," अजित फोनवर म्हणाला. तेल कुणाचं, पैसा कुणाचा, भांडणं कुणाची, आणि गढूळ पाणी प्यायचं कुणी? माझ्या अजितने! हेच मी कॅप्टनला दारात गाठून विचारलं. त्या दिवसापासून मी "सरी" म्हणणं बंद केलं.

तो मात्र बंद दाराला सांगत राहिला. सुटलो. लागलो. आणि लागला की फोन घेऊन बसायचा. कधी वकिलातीला, कधी खलाशांच्या युनियनला. दोन दारांपलीकडून त्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा. "हो, मीच पकडून दिलं ते जहाज! आता त्यातली माणसं उतरवा! पाणी पाठवा!" मला सगळं ऐकू यायचं. मी दार उघडलं नाही.

मग जहाजावरच्या भंडाऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. भंडारी म्हणजे तिथला स्वयंपाकी, कारवारचा म्हातारा. अजितला जेवायला वाढणारा तोच. डॉक्टरची बोट पोचेपर्यंत तो गेला.

त्यानंतर जिना गप्प झाला. पुण्याची मुलगी वर येऊन विचारून गेली, "आजी, काका बरे आहेत ना?"

एकदा सकाळी त्याच्या कुलपाचा बारीक आवाज झाला. मी दार उघडलं. कॅप्टन पिशवी घेऊन जिना उतरत होता, चपला हातात.

"यंत्र बंद करून कुठे निघालात?"

तो दचकला. "कारवारला. भंडाऱ्याच्या बायकोला भेटायला."

"ती तुम्हाला घरात घेईल?"

"नाही घेणार बहुतेक."

त्याच्या घरात कुठे चाललात म्हणून विचारणारं कोणी उरलं नव्हतं, हे मला कधीच कळलं होतं. त्या दिवसापर्यंत मीही विचारलं नव्हतं.

"चपला घाला," मी म्हटलं. "आणि नीट सांगून जा."

त्याने चपला घातल्या. "सुटलो," तो म्हणाला. "कारवार."

"सरी."

अजित जिवंत परत आला. भंडारी आला नाही. जहाजाचा मालक कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण तोही जिवंतच असणार.