फणसाचा पट्टा

रत्नागिरीजवळच्या एका गावच्या रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष भिकाजी शिवलकर 'पट्टा बांधा, प्राण वाचवा' या विषयावर भाषण करायला गाडीत बसले, तेव्हा त्यांच्या मांडीवर प्रमुख पाहुण्यांसाठी घेतलेला फणस होता. गाडी सून वेदिका चालवत होती.

"बाबा, पट्टा लावा."

"अगो, सदऱ्याची इस्त्री मोडेल. चुरगळलेला माणूस सुरक्षेवर काय बोलणार?"

पण पट्टा लागेपर्यंत गाडी पीपी थांबवेना. अखेर अध्यक्षांनी तोडगा काढला. फणस पुढच्या सीटवर ठेवून ते मागे बायको जनीबाईंशेजारी जाऊन बसले. फणस चांगला वजनदार. गाडीने त्यालाही माणूस मानलं आणि पुन्हा बोंब मारली. वेदिकाने फणसाला पट्टा बांधला. फणसाने इस्त्रीबद्दल हरकत घेतली नाही.

आरे-वारेच्या वळणावर म्हैस आडवी आली. वेदिकाने करकचून ब्रेक दाबला. ती जागेवर राहिली, फणसही राहिला. मागे जनीबाईंनी सुनेची सीट धरली. अध्यक्ष मात्र दोन सीटांच्या फटीतून सुटले, ते थेट फणसाच्या गळ्यात पडले.

"फणस फुटला नाय ना?" जनीबाईंनी तातडीने चौकशी केली.

सभागृहात अध्यक्षांच्या गालावरची काट्यांची नक्षी पाहून पाहुणे साहेब दचकले. "काय झालं हो?"

"दाढी करताना जरा..." भिकाजी पुटपुटले.

"दाढी कसली! फणसावर आपटले," जनीबाई म्हणाल्या. "त्याने पट्टा लावलेला. बघा, एक काटा वाकडा नाय त्याचा!"

साहेब गंभीर झाले. 'आदर्श प्रवासी' पुरस्कारासाठी समितीला योग्य उमेदवारच मिळाला नव्हता. फणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. शाल काट्यांत अडकली ती निघेना. फणसाच्या वतीने भिकाजींनी आभार मानले आणि गाल झाकून फोटो काढला.

परतताना पुढची सीट जनीबाईंनी पटकावली, म्हणून ते मागे बसले. आता त्यांना खरंच पट्टा हवा होता.

"आपल्या गाडीत मागे पट्टा दिलेलाच नाय काय गो?"

"दिलाय," वेदिका म्हणाली. "नवं कव्हर घालताना खाली दाबला. लोंबताना बरा दिसत नाही, असं तुम्हीच म्हणालात."

निरोप द्यायला आलेल्या साहेबांनी आवारातल्या बाकीच्या गाड्यांत डोकावून पाहिलं. मागचे सगळे पट्टे कव्हराखाली सुरक्षित होते. मग ते स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर शिरले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

तुमच्या गाडीतला कुठे आहे? नाही, पुढचा विचारत नाही.