टिपणीसांची पिस्तुलं

टिपणीस साहेब कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघतात. मग ती नवी असो, जुनी असो, की दुसऱ्याच्या मालकीची. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी बायकोचा कोरा करकरीत मिक्सर ओट्यावर आडवा पाडला, खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि बुडाकडे पाहत जाहीर केलं, "मनाविरुद्ध केलंय."

"काय?" स्मिताने विचारलं.

"ज्याने हा स्क्रू पिळलाय ना वहिनी, त्याचं मन नव्हतं. बघा कसा वाकडा बसलाय."

मग त्यांची नजर शिऱ्याकडे वळली. मी घाईघाईने क्रिकेटचा विषय काढला.

आम्ही दोघं दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या कारखान्यात होतो. ते क्वालिटीचे प्रमुख, मी एचआरमध्ये. त्यांच्या भिंगाखालून गेलेली खिडकी चाळिसाव्या मजल्यावर वाळूच्या वादळातही हूं की चूं करत नसे. साहेबही फारसं करत नसत. पण कँटीनमध्ये कुणी चुकून "वीकेंडला काय केलंत?" असं विचारलं, की डबा बाजूला सरायचा.

"बेल्जियमचं एक आलं. त्रेचाळीस सालचं. एकविसावं."

एकविसावं पिस्तूल! तेही साधंसुधं नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूने देश ताब्यात घेतला, कारखानाही घेतला, आणि तिथल्याच कामगारांना बसवून आपल्या सैन्यासाठी पिस्तुलं बनवून घेतली. साहेब फक्त तसलीच जमवत. सुरुवातीची आरशासारखी चकचकीत, शेवटची शेवटची ओबडधोबड, असं ते डोळे बारीक करून सांगत. अमिरातीत आपल्यासारख्याला घरात पिस्तूल ठेवता येत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण समोरच्याकडे एकवीस आहेत म्हटल्यावर उलटतपासणी घ्यायची कुणी? "वशिला असेल मोठा," एवढं म्हणून आम्ही आपापल्या डाळीकडे वळत असू.

आणि मग मंदी आली. अर्धे टॉवर अर्धेच राहिले. अर्ध्या टॉवरला खिडक्या लागत नाहीत. आमच्याकडे कामावरून कमी करायच्या याद्या निघाल्या.

एरवी ओरडून काचा हलवणाऱ्या आमच्या जीएमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. "सावंत, टिपणीसला इथे सांगू नकोस. घरी जाऊन सांग. तुम्ही एकाच गावचे ना?"

साहेब ठाण्याचे, मी कुडाळचा. पण जीएमच्या नकाशात मधलं कोकण नव्हतं.

"सर, त्यांच्याकडे..."

"आय नो. म्हणूनच इथे नको, घरी. यल्ला, निघ हबीबी, बी केअरफुल."

शुक्रवारी दुपारी मी निघालो. स्मिता म्हणाली, "पोचलास की मिस्ड कॉल दे. निघालास की अजून एक दे."

"आणि दुसरा नाही आला तर?"

"तर मी काय तिथे येणार आहे होय?"

लेकाने गेममधून मान वर न करता विचारलं, "बाबा, आर यू स्केअर्ड?" मी त्याला मराठीत बोलायला सांगितलं आणि बाहेर पडलो.

वाटेत मी मिठाईच्या दुकानाशी थांबलो. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायचं नाही, हे आईने लहानपणी डोक्यात ठोकून बसवलेलं. माणसाची नोकरी काढून घ्यायला काजू कतली घेऊन जाणारा जगातला पहिला एचआर मीच असेन. इंटरनॅशनल सिटीत त्यांच्या इमारतीखाली गाडी लावली, तीही तोंड बाहेरच्या बाजूला करून. पळायला बरी.

दार उघडल्या उघडल्या साहेबांनी खोका पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "काय सावंत! काय गोड बातमी?"

"सहज," मी म्हणालो.

"सहज कुणी इतक्या लांब येतं?" एक तुकडा उलटा करून बघत ते म्हणाले. "मिठाई ठीक आहे. आणणाऱ्याचंच काहीतरी बिनसलंय. ये, तुला गंमत दाखवतो."

घरात दुसरं कुणी नव्हतं. वहिनी आणि मुलगी ठाण्याला. "पुढच्या महिन्यात येतायत," असं ते सांगत, ते मी किती महिने ऐकत होतो कोण जाणे. मुलीच्या खोलीचं दार त्यांनी उघडलं आणि मला आत घेतलं. भिंतभर कातडी होल्स्टर्स टांगलेली. प्रत्येकातून एक मूठ बाहेर डोकावत होती. साहेब माझ्या आणि दाराच्या मधे उभे.

"ही पोलंडची. तिथले कामगार सुटे भाग लपवून बाहेर न्यायचे, म्हणून त्यांना नळी बनवूच देत नसत. ती दुसऱ्या देशात. विचार कर सावंत, दिवसभर बसून घासायचं काय, तर आपल्याच माणसावर रोखलं जाणारं हत्यार! नाही म्हटलं तर घरी पोरं उपाशी." त्यांचा आवाज चढत होता. "आणि ही बघ..."

त्यांनी मूठ पकडून खेचली.

माझे दोन्ही हात आपोआप वर गेले. "साहेब, मी नाही हो! जीएमनी सांगितलं! तुमचं नाव यादीत मी नाही घातलं! महिनाअखेरपर्यंत पगार आहे!"



साहेबांच्या हातात एक लाकडी मूठ होती, आणि तिला स्क्रूने जोडलेली प्लायवूडची पट्टी. नळी नाही, घोडा नाही, काही नाही. कायद्याला खटकू नये म्हणून त्यांनी जगभरातून नुसत्या मुठी आणि म्यानं मागवली होती. आमच्या टिपणीसांच्या पिस्तुलांच्या संग्रहात पिस्तूल एकही नव्हतं.

"हात खाली घे," ते म्हणाले. "प्लायवूड आहे."

मी हात खाली घेतले. त्यांनी त्यातला एक पकडला, सवयीने उलटा केला आणि तळव्याकडे बघत राहिले.

"तुलाच पाठवलं होय," ते हळूच म्हणाले. मूठ म्यानात नीट बसवली. एकदा बसली नाही, परत बसवली. "आज अजून कुणाकडे जायचंय?"

"नासिरकडे."

नासिर आमचा असेंब्लीचा फोरमन. गेल्याच आठवड्यात त्याला मुलगा झाला होता, तिकडे कोळिकोडला.

"त्यालाही मिठाई नेणार होतास?"

"...गाडीत आहे."

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाले, "थांब, शर्ट बदलतो. तुझ्या हातून हे नीट होणार नाही."

स्टाफ क्वार्टर्समध्ये नासिर बनियनवर धावत बाहेर आला. मोबाईलवर मुलाचा फोटो आधीच उघडून ठेवलेला. साहेबांनी तो पाहिला, अगदी निरखून पाहिला. मग त्याच्या खांद्यावर हात टाकून ते त्याच्याच खाटेवर बसले. "बढिया है. अब सुन नासिर. मेरी नौकरी गयी."

"साब!" नासिरचा चेहरा उतरला. "आपकी कैसे? आप बैठो, मैं चाय लाता है. अरे कोई कुर्सी लाओ साब के लिए!"

"चाय बाद में. तेरी भी गयी."

नासिर उभाच राहिला. पण साहेबांचा हात धरून. एकाने दुसऱ्याला सांभाळायचं, की दुसऱ्याने पहिल्याला, ते कळत नव्हतं. मी भिंतीला टेकून उभा. पुढचा तासभर साहेबांनी त्याला रास अल खोरमधल्या कुठल्या वर्कशॉपला अजून माणसं लागतात ते सांगितलं, तिथल्या दोघांना फोनही लावून दिले. पिस्तुलं सोडून एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्रेन थिजल्यासारख्या उभ्या होत्या. साहेबांनी मोबाईल काढला. वहिनींचा नंबर पडद्यावर आला. तो विझला की ते पुन्हा आणत. शेवटी लावला.

"हॅलो. हो. नाही, काही नाही, असाच केला. जेवलीस? ...ती कुठेय? क्लासला? बरं, बरं. नाही ग, आवाज ठीक आहे माझा. ठेवतो."

इंटरनॅशनल सिटीचा फाटा जवळ आला तसा मी इंडिकेटर दिला.

"सावंत," ते म्हणाले, "इतक्यात वळू नकोस. जरा लांबून घे."

मी इंडिकेटर बंद केला.