सहा पोती मीठ आणि नॉरीन आज्जी

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वसंतातला बर्फ या अख्ख्या डोंगररांगेत माझ्याइतका कोणालाही कळत नाही! सकाळी सातला तो फरशीसारखा कडक. साडेदहाला लोणी. दुपारी एकला पेज! मधल्या अडीच तासांत जो घसरला तो जिंकला, बाकीचे गुडघाभर पेजेत. माउंट हॅलोरनच्या आमच्या छोट्याशा स्की-क्लबात मी सतरा वर्षं मॅनेजर आहे. रोज उजाडता काठी खुपसून बर्फ मोजायचा, ‘आजचा बर्फ’ फोनवर रेकॉर्ड करायचा, दोरीची लिफ्ट सुरू करायची आणि संडासाचा पाइप तुंबला तर तोही आपणच मोकळा करायचा. मॅनेजर म्हणजे दुसरं काय असतं हो!

तर गेल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबरचा पहिला रविवार, हंगामाचा शेवटचा दिवस. आमच्या दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, ऑक्टोबर म्हणजे वसंत! आणि शेवटचा दिवस म्हणजे आमच्या नॉरीन आज्जींचा दिवस.

आज्जी ब्याऐंशी वर्षांच्या. क्लबात साठ वर्षं, एकही हंगाम चुकलेला नाही. शेवटच्या दिवशी त्या शिखरावरून निघतात आणि पायातल्या स्की न काढता थेट क्लबाच्या दारापर्यंत येतात. फार पूर्वी एका जेवणात त्यांनी सगळ्यांसमोर शपथ घेतली होती. “ज्या वर्षी मला स्की काढून चिखलातून दारापर्यंत चालावं लागेल, त्या वर्षी स्की खुंटीला टांगल्या समजा!” मला पाचव्या वर्षी स्कीवरून घसरायला शिकवलं ते याच बाईंनी. तेव्हा ठोंब्या म्हणायच्या, अजूनही तेच म्हणतात. म्हणून मीही मनाशी ठरवलं होतं, माझ्या कारकिर्दीत आज्जी चालणार नाहीत म्हणजे नाहीत!

आणि शुक्रवारी वायव्येचा वारा सुटला. गरम, कोरडा, दुष्ट! संध्याकाळपर्यंत दारापुढचा साठ मीटरचा बर्फ वितळून खाली पिवळं गवत आणि चिखल उघडा पडला. तेवढ्यात फोन.

“मर्डो, वारा सुटलाय म्हणे?”

“सुटलाय, आज्जी.”

“खालचा बर्फ गेला का रे?”

“गेला.”

“अगदी सगळा?” त्यांचा आवाज कापत होता. मला गलबलून आलं हो!

“सगळा. पण तुम्ही काळजी करू नका! मी शेडमागचा बर्फ ओढून आणतो, वर मीठ टाकतो, उद्या दारापर्यंत पट्टा तयार!”

मग म्हणाल्या, “उगाच जिवाला त्रास करून घेऊ नकोस, बाळा. निसर्गापुढे कोणाचं चाललंय?”

“तुमच्यासाठी निसर्गालाही बघून घेतो!”

“हो,” त्या म्हणाल्या, “तू बघशीलच.” केवढा विश्वास बघा माणसाचा!

शनिवारी मी आणि राविरी कामाला लागलो. राविरी म्हणजे आमचा यंत्रवाला. बर्फ सपाट करायचं ते अवाढव्य यंत्र तो असं चालवतो की त्यानं भाकरी थापावी. दुपारपर्यंत पट्टा झाला. पण तो होता भुसभुशीत. अशा बर्फावर जाडं मीठ भुरभुरलं की तो काही तास दगडासारखा घट्ट होतो. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. गोदामात बघतो तर मीठ अर्धी बादली!

डोंगराच्या पायथ्याशी क्लेमचं मेंढपाळीचं रान आहे. त्याच्याकडे मेंढरांना चाटायला घालायचं जाडं मीठ ढिगानं असतं. आम्ही दोघं दोन गाड्या घेऊन गेलो.

“क्लेम, सहा पोती दे.”

“घे की. फाटक मात्र लावून घ्या रे! वरच्या कुरणात तीनशे मेंढरं सोडलीत.”

“मला सांगतोस? जन्म गेला माझा फाटकं लावण्यात!”

आता आमच्याकडचा नियम साधा आहे. गाड्या एकापाठोपाठ असतील तर फाटक शेवटच्या गाडीनं लावायचं. मी पुढे निघालो, आरशात राविरीची गाडी स्वच्छ दिसत होती. फाटक उघडलं आणि उघडंच ठेवून पुढे गेलो. इथपर्यंत माझी काही चूक आहे का? नाही!

पण क्लेमच्या बायकोनं नेमके तेव्हाच ओव्हनमधून गरम स्कोन, म्हणजे छोटे गोल पाव, बाहेर काढले, आणि राविरी मागे वळला. चार स्कोन आणि दोन कप चहा झाल्यावर तासाभरानं तो फाटकाशी आला, तर फाटक उघडं. आणि आमच्याकडचा दुसरा नियम असा, की दुसऱ्याच्या रानातलं फाटक जसं सापडेल तसंच सोडायचं. राविरी नियमाचा पक्का. त्यानं ते तसंच उघडं सोडलं!

भरीत भर म्हणजे मी क्लेमशी गप्पा मारत असताना एका केआनं, म्हणजे आमच्या त्या चोंबड्या डोंगरी पोपटानं, माझ्या गाडीत बसून एका पोत्याला भोक पाडलं होतं. फाटकापासून क्लबापर्यंत सात किलोमीटर मी मिठाची रांगोळी घालत आलो, शीळ वाजवत!

रविवारी उजाडताच पाच पोती पट्ट्यावर भुरभुरली. तासाभरात पट्टा असा कडक झाला की टाचेनं ठोकला तर टाचच दुखली. धुकं दाट होतं, पण माझा ऊर भरून आला. मी अहवाल रेकॉर्ड केला. “दारापर्यंत अखंड पट्टा! पृष्ठभाग गुळगुळीत! अडथळा एकही नाही!”

नऊला फोन आला. आमचे एक सभासद, ट्रेवर. हे गृहस्थ घरी बसून क्लबाचा कॅमेरा बघतात आणि मला शिकवतात.

“मर्डो, पट्ट्यावर उंचवटे दिसतायत.”

“उंचवटे नाहीत. काल यंत्रानं सपाट केलाय!”

“मला शंभरेक दिसतायत.”

“धुकं आहे, ट्रेवर. चष्मा पुसा.”

“पुसला. आता दीडशे आहेत. आणि मर्डो, ते हलतायत.”

मी फोन तसाच टाकून बाहेर धावलो. धुकं विरत होतं, आणि माझ्या पट्ट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मेंढरं! तीनशे जिभा खरखर, खरखर चालू! खुरांनी पट्टा उकरलेला, मागून लेंड्यांचा पाऊस. “हाड! हुश्श! निघा!” मी ओरडलो. एकानं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि माझा मिठानं माखलेला हातमोजा चाटला.

क्लेमला फोन लावला. वीस मिनिटांत तो तीन कुत्रे घेऊन आला, आणि गाडीतळावरच थांबला.

“अरे, ये ना वर!”

“कसा येऊ?” क्लेम शांतपणे म्हणाला. “इथे पाटी आहे. ‘कुत्र्यांना सक्त मनाई. कोणतीही सबब ऐकली जाणार नाही. हुकमावरून, मॅनेजर.’ हुकूम तुझाच ना रे?”

“क्लेम, जखमेवर मीठ चोळू नकोस!”

“मीठ तर तू संपवलंस सगळं,” म्हणून तो गाडीच्या बॉनेटवर बसला आणि थर्मास उघडला. या माणसाला मी लहानपणापासून मित्र समजत होतो!

साडेदहा वाजले. बर्फ लोणी झाला. आज्जी माझ्या वेळापत्रकाप्रमाणे केव्हाच दोर धरून शिखरावर पोचल्या होत्या. राविरी वर लिफ्टपाशी होता. मी वॉकीटॉकीवर त्याला म्हटलं, “आज्जींना थांबव! खाली मेंढरं आहेत.”

तिकडून आज्जींचाच आवाज आला. “किती आहेत?”

“तीनशे!”

“अरेरे!” आज्जी म्हणाल्या. “मग काय, इलाज नाही. मी आपली पट्ट्यापाशी स्की काढते आणि येते चालत. काही वाटून घेऊ नकोस.”

“अजिबात नाही!” मी गरजलो. “साठ वर्षांचा प्रश्न आहे! स्कीला हात लावायचा नाही! दहा मिनिटांत वाट मोकळी करतो!”

“ठोंब्या, ऐक माझं...”

“तुम्ही फक्त या!”

मग डोक्यात वीज चमकली. सहावं पोतं! ते भोकाचं, अर्धं उरलेलं! मेंढरं माणसाचं ऐकत नाहीत, मिठाचं ऐकतात. पोतं खांद्यावर टाकलं आणि पट्ट्याच्या कडेनं, दारामागच्या शेडच्या दिशेनं धावत सुटलो. “या! या! या!” आणि मंडळी, आली! तीनशेच्या तीनशे, खाल्ल्या मिठाला जागून आली! बेत शंभर टक्के यशस्वी झाला असता, पण नेमका दाराच्या कडेला एका लेंडीवर माझा पाय पडला.

मी उताणा. पोतं माझ्या अंगावर फुटलं. पुढच्या क्षणी एक मेंढा माझ्या छातीवर, दुसरा कानाशी, आणि बाकीचे रांगेत. त्या खरखरीत जिभांच्या फटीतून मला एवढंच दिसलं की वरून आज्जी येतायत. पट्टा मोकळा होता. त्यावर बर्फ म्हणाल तर जेमतेम होता, पण लेंड्यांचा थर असा एकसारखा पसरला होता की त्यावरून त्या सुर्रकन घसरत आल्या आणि दाराच्या पायरीला टेकून थांबल्या. स्की पायातच! गच्चीवरून सगळा क्लब टाळ्या पिटायला लागला. काही जण तर रडत होते. मीही रडलो, डोळ्यांत मीठ गेलं होतं.

“आज्जी!” मी खालूनच ओरडलो. “पाळलं की नाही वचन?”

आज्जींनी चष्मा काढला, पुसला आणि माझ्यावर वाकल्या. इतक्या हळू बोलल्या की फक्त मी आणि मेंढ्यांनी ऐकलं.

“गाढवा! माझे गुडघे सहा वर्षांपूर्वी संपले. सहा वर्षं मी वाट बघतेय, एकदा हा बर्फ दारापर्यंत पोचू नये! मानानं चार पावलं चिखलातून चालावं, स्की खुंटीला टांगाव्यात आणि दुसऱ्या दिवसापासून घरी बसून गरम चहा प्यावा. आणि दर वर्षी तू! कधी फावड्यानं, कधी यंत्रानं, आणि आता मेंढरं घेऊन!”

“पण आज्जी, मग थांबायचं की! कोण अडवणार तुम्हाला?”

“आणि शपथेचं काय? सगळ्यांसमोर घेतलीय!” त्या सरळ उभ्या राहिल्या, गच्चीकडे बघून हसत हात हलवला आणि दात न उघडता म्हणाल्या, “आता पुढच्या वर्षी परत यायला लागणार.”

बोला! त्या दिवशी मी कानाला खडा लावला. यंदा मीठ आणलेलं नाही. फावडी कुलपात. राविरीला सांगितलंय, शेडमागच्या बर्फाकडे बघायचंसुद्धा नाही. खालचा पट्टा मंगळवारीच वितळला, मस्त चिखल झाला, मी स्वतः त्यात उभा राहून आज्जींना फोटो पाठवला. त्यांनी नव्या किटलीचा फोटो उलट पाठवला.

उद्या हंगामाचा शेवटचा रविवार. आणि काल दुपारपासून बर्फ पडतोय, मंडळी. ऑक्टोबरात! आत्ता दारात काठी खुपसली तर कमरेपर्यंत गेली, आणि थांबायचं चिन्ह नाही. फोन मघापासून वाजतोय. आज्जींचाच आहे. मी उचलत नाहीये.