दाजींची गाली

तेलुगूत गाली म्हणजे हवा. आदिलाबादेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त माझ्या दाजींना, कारण दाजी कुणाचंच बोलणं शेवटपर्यंत ऐकत नसत. राजन्ना मिस्त्रीनं त्यांच्या मोटारीचं बॉनेट उघडून "गाली लेदु", म्हणजे हवा नाही, असं म्हटलं, तेव्हा दाजींना वाटलं, हा हिंदीत शिवी देतोय आणि वर 'ले' म्हणतोय. त्यांनी चार परत दिल्या.

अर्थ कळल्यावर मात्र तो शब्द त्यांना चिकटला. आपल्या दुकानात खिळे घ्यायला आलेल्यालाही ऐकवायचे, "गाडीले गाली पायजे, गाली!"

मोटार शर्यतीतली, जुनी, दोघांपुरती, बिनटपाची. जंगलाचा कुणी ठेकेदार सोडून गेला, ती यांनी घेतली. बसच्या गर्दीत माझ्या आक्काचा जीव घुसमटे, आणि उटनूरला आमची आई अंथरुणाला खिळून लेकीची वाट पाहत होती. आक्काला उघड्या मोटारीतून माहेरी न्यायचं, असं दाजींनी ठरवलं.

"दाजी, मी जीप आणतो ना," मी म्हटलं.

"माह्या बायकोले भाड्याच्या जीपमंदी? मी मेलो काय?"

पण वाटेत गुडीहत्नूर ओलांडलं की इंजिन तापायचं, काटा लालावर आणि वाफ आभाळात. दाजींनी कूलरचा पंखा बसवला, तेलाच्या डब्यांचे पत्रे वाकवून समोरचा वारा रेडिएटरवर घेतला. आत शिरलेली हवा कोंडते, बॉनेटवर फटी पाडा, असं राजन्ना कानीकपाळी ओरडत होता.

"एवढ्या गुळगुळीत पत्र्याले भोकं पाडू? डोकं ठिकानावर हाय का तुहं?"

असे तीन उन्हाळे गेले आणि आई गेली. आक्का बसनं आली, उभ्यानं, तोंडाला पदर लावून. तोवर सगळं आटोपलं होतं. मी दाजींना माफ केलं नाही, आजही केलेलं नाही.

तेराव्याला ते त्याच मोटारीतून आले. बॉनेटवर छिन्नीनं स्वतः पाडलेल्या वेड्यावाकड्या फटी होत्या, काटा निम्म्यावर होता.

"चाल, घरी नेतो," ते म्हणाले.

आक्कानं एका फटीवरून बोट फिरवलं. "हे पैले काऊन नाई केलं?"

दाजी बाहीनं बॉनेट पुसू लागले.

ती बसनंच निघाली, मी सोबत. मागून दाजी बसचा सगळा धूर खात येत होते, शेजारची सीट रिकामी. इंद्रवेल्लीला बस थांबली तसे धावत येऊन त्यांनी खिडकीशी पाण्याचा तांब्या धरला. आक्कानं तोंड फिरवलं.

गुडीहत्नूरला ते पुन्हा आले. "दोन घोट घे. जीव घाबरला असन तुहा."

मला त्यांची दया आली, आणि दया आली याचाच संताप आला. आक्कानं दोन घोट घेतले. तांब्या परत देताना त्यांच्याकडे पाहिलं मात्र नाही.